गिटारच्या पोटात बूस्ट बसवायचाय? आधी हे वाचा

बूस्ट म्हणजे गिटारचा सिग्नल मोठा करणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट. पहिलीच गोष्ट क्लिअर करतो कारण बरेच जण इथेच फसतात. तुमचा अँप आधीच फुल डिस्टॉर्शनवर असेल तर गिटारमधला बूस्ट ऑन करून आवाज फारसा मोठा होणार नाही, नुसता अजून फाटेल. सोलोला सगळ्यांच्या वर यायचंय तर बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या (जिथे आवाज फाटतो त्याच्या) नंतर लागतो, आणि गिटारमधला बूस्ट तर सगळ्यात आधी येतो. मग कशाला बसवायचा? जेमतेम फाटायच्या बेतात असलेल्या अँपला ढकलायला, कमी आउटपुटच्या सिंगल कॉइल पिकअपला जरा दम द्यायला, आणि पायाखाली पेडल न ठेवता बोटाने हे सगळं करायला. आयडिया नवी नाहीये, अलेम्बिक कंपनीचा स्ट्रॅटोब्लास्टर हेच करायचा आणि फेंडरच्या क्लॅप्टन स्ट्रॅटमध्ये तर २५ डीबीचा मिड बूस्ट (मधल्या फ्रिक्वेन्सी वाढवणारा) असतो. माझ्या मते एवढा नको, १२ डीबी म्हणजे व्होल्टेज चौपट, ते भरपूर झालं. आणि हो, गिटार आधीच गुणगुणत असेल तर ते गुणगुणणंही चौपट होणार, त्यामुळे आधी ग्राउंडिंग नीट करा मगच पुढे.

सर्किट मी टीएल०७१ या ऑप-अँप चिपवर करतो. एक ट्रान्झिस्टरवालं जेफेट सर्किट छोटं पडतं हे खरं, पण जेफेटचा प्रत्येक नग वेगळा निघतो, बायस सेट करत बसावं लागतं, आणि ऑप-अँपला गेन (सिग्नल किती पट होतो ते) सरळ दोन रेझिस्टरवरून ठरतो. इनपुट २२ नॅनोच्या कपॅसिटरमधून पिन ३ वर. दोन १०० के रेझिस्टर लावून ९ व्होल्टचे अर्धे करायचे, त्या मधल्या पॉइंटवरून ग्राउंडला १० मायक्रो, आणि तिथूनच १ मेगचा रेझिस्टर पिन ३ ला. हा १ मेग कमी करू नका, नाहीतर पिकअपवर लोड येतो आणि ट्रेबल मरतो. पिन ६ वरून पिन २ ला १०० के चा ट्रिमर (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट), त्याला पॅरलल ४७ पिको. पिन २ वरून १० के आणि मग ४.७ मायक्रोमधून ग्राउंड. ट्रिमर शून्यावर असताना गेन १, पूर्ण फिरवला की ११, आणि साधारण ३० के वर आपले १२ डीबी. आउटपुट पिन ६ वरून १ मायक्रोमधून बाहेर, आणि कपॅसिटरच्या बाहेरच्या बाजूने १०० के ग्राउंडला. इनपुटच्या कपॅसिटरआधी पण २.२ मेग ग्राउंडला टाका, हे दोन्ही नसले की स्विच दाबताना स्पीकरमधून असा फट्ट आवाज येतो की सगळे वळून बघतात. पॉवर पिन ७ ला प्लस, पिन ४ ला मायनस, दोघांमध्ये १०० मायक्रो, आणि बॅटरीच्या लाल वायरमध्ये १एन५८१७ डायोड, कारण अंधारात कधीतरी बॅटरी उलटी टेकवली जातेच. चिप डायरेक्ट सोल्डर न करता सॉकेट लावा.

आता स्विच. व्हॉल्यूमच्या किंवा टोनच्या जागी पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विच होणारा) टाकला की बॉडीला भोक पाडायची गरज नाही, फक्त आधी कॅव्हिटीची (बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीची) खोली मोजा, पुश-पुल साध्या पॉटपेक्षा चांगलाच उंच असतो आणि पातळ बॉडीत खाली टेकतो. मागे सहा पाय असतात. मधल्या दोनपैकी एकाला व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाची वायर, दुसऱ्यावरून जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारा कॉन्टॅक्ट). एका टोकाचे दोन पाय एकमेकांना जोडले की झाला बायपास (सिग्नल बोर्डला टाळून सरळ जातो), दुसऱ्या टोकाचे दोन बोर्डच्या इनपुट आणि आउटपुटला. म्हणजे बूस्ट व्हॉल्यूमच्या नंतर आला, आणि मला हेच आवडतं, बूस्ट ऑन ठेवून व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज क्लीन, दहावर नेला की फाटतो.

जॅक स्टिरिओ घ्यायचा. बॅटरीची काळी वायर रिंगला (मधला कॉन्टॅक्ट) आणि गिटारचं ग्राउंड स्लीव्हला (बाहेरचा), साधी केबल घातली की तिचा प्लग रिंग आणि स्लीव्ह जोडतो आणि सर्किट सुरू होतं. मी पहिल्या वेळी काळी वायर सरळ स्लीव्हला लावली होती, सगळं मस्त वाजत होतं म्हणून शंका पण आली नाही, आणि दोन आठवड्यांनी बॅटरी ठार. हिशोब बरोबरच होता, टीएल०७१ साधारण १.४ मिलिअँप खाते आणि अल्कलाइन ९ व्होल्टमध्ये ५०० मिलिअँप-अवरच्या आसपास असतात, भागाकार करून बघा. आणि जॅक बरोबर लावला तरी बूस्ट ऑफ असताना बॅटरी चालूच असते बरं का, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा. टीएल०६१ टाकली तर करंट बराच कमी लागतो, पण ती जरा जास्त हिसकारते.

बंद करण्याआधी मल्टिमीटर लावा. पिन ६ वर साडेचार व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. पिन ३ वर थोडं कमी दिसलं तर घाबरू नका, १ मेगमधून मीटर स्वतःच थोडा करंट ओढतो. मग केबल लावून अँप हळू ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर टकटक करा, बूस्ट ऑन केल्यावर तीच टकटक मोठी यायला हवी. बायपासला आवाज आणि ऑनला सन्नाटा असेल तर बहुतेक वेळा इनपुट-आउटपुटच्या वायरी उलट्या असतात. कॅव्हिटीत कॉपर फॉइल असेल तर बोर्डला खालून पूर्ण टेप गुंडाळा, उघड्यावर सगळं चालतं आणि पिकगार्ड बसवला की बंद पडतं तेव्हा नव्वद टक्के तो फॉइलच असतो. बॅटरी फोममध्ये दाबून बसवा, नाहीतर गिटार हलवली की खडखड.

एक गंमत म्हणजे बूस्ट ऑन केल्यावर टोन जरा चकचकीत वाटेल. गेनमुळे नाही, आधी पिकअपला आख्ख्या केबलची ट्रेबल खाणारी कपॅसिटन्स ओढावी लागत होती, आता ती ऑप-अँप ओढतो. केबल लांब असेल तर फरक जास्त. उलट जुन्या पद्धतीचा फझ पेडल वापरत असाल तर त्याला असा बफर (मध्ये बसून पुढचा लोड स्वतः ओढणारं सर्किट) आधी आलेला अजिबात आवडत नाही, करकरीत पातळ वाजतो, त्या गाण्यापुरता बूस्ट ऑफ.

ट्रिमर घरी बसून फायनल करू नका. पिकगार्डचे दोनच स्क्रू लावून प्रॅक्टिसला जा, बँडच्या व्हॉल्यूमवर सेट करा, मग बाकीचे स्क्रू.