दुसऱ्या बॅटरीवर सेल्फ मारायची सोय : दुरुस्तीआधीची तयारी

जुन्या मोटारहोमच्या डॅशबोर्डवर दाबून धरायचं एक बटण असतं. इंजिनाची बॅटरी उतरली की ते दाबायचं. सोलेनॉइड (आतल्या तारेच्या कॉइलने ओढला जाणारा जाड विजेचा स्विच) ओढला जातो, राहत्या भागाची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीला जोडली जाते आणि सेल्फ फिरतो. वर्षानुवर्षं हे बटण कुणी दाबत नाही, म्हणून नड आली की नुसता ‘टक’ आवाज येतो, कधी तोही नाही. पंढरपूर-अक्कलकोटला निघण्याआधी हे काम दारातच उरकावं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकरच. पत्रा तापला की बॉनेटखाली हात घालवत नाही.

आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून चार-पाच तास लोड न लावता ठेवा. मीटरवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवेत. १२.२ म्हणजे साधारण निम्मी बॅटरी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीच तपासून घ्या, नाहीतर चांगला सोलेनॉइड उगाच बदलला जाईल. आपल्याकडच्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं. प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटरच भरा.

जवळ मल्टीमीटर, १० आणि १३ नंबरचे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा, पाणी, चष्मा आणि हातमोजे असू द्या. उघडे टर्मिनल झाकायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घ्या. जुन्या चादरीचा तुकडा नको, आम्ल लागलं की सुती कापड विरतं.

आता वायरिंग. सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. बटणाला पुरवठा कोणत्या बॅटरीतून येतो ते वायर धरून शोधा. तो इंजिनाच्या बॅटरीतून येत असेल, तर ती उतरल्यावर कॉइल ओढणारच नाही. ज्या दिवसासाठी सोय केली त्याच दिवशी ती निकामी. पुरवठा राहत्या भागाच्या बॅटरीतून, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून हवा. एकच छोटा टर्मिनल असलेला सोलेनॉइड बॉडीतून अर्थिंग घेतो. त्याच्या पट्टीखाली गंज असेल तर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा.

मग मदतनिसाला बटण दाबून सेल्फ मारायला सांगा आणि दोन जाड बोल्टांमधला फरक मोजा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत; उघडून घासत बसू नका, नवा लावा. हे माप सेल्फ फिरत असतानाच घ्यायचं. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असल्या की एरवी बिघडलेला सोलेनॉइडही शून्याजवळ आकडा दाखवतो.

नवा सोलेनॉइड घेताना ‘कंटिन्युअस ड्यूटी’ (सतत चालू राहू शकणारा), १२ व्होल्ट, किमान २०० अँपिअर असा मागा. सेल्फसाठीचा सोलेनॉइड दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण त्याची कॉइल काही सेकंदांपुरतीच असते. अल्टरनेटरचं चार्जिंगही त्यातूनच जात असेल तर तो प्रवासात तापून जळतो. केबल तांब्याची, किमान ३५ चौरस मिलिमीटर. केबलच्या टोकाचे लग हातोड्याने ठोकून नव्हे, क्रिम्पिंग प्रेसवर दाबून घ्या. केबल आणि सोलेनॉइड पेलतील त्याच क्षमतेचा फ्यूज प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ हवा.

काम सुरू करताना चार्जर आणि सोलर बंद करून दोन्ही बॅटऱ्यांचे ऋण टोक काढा. एकच काढलं तर सोलेनॉइडची दुसरी बाजू जिवंत राहते आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. जोडताना ऋण टोक शेवटी.

राहत्या भागात इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर तिच्याकडून एकदम मोठा करंट मिळत नाही. अशा वेळी बटण पाच-दहा मिनिटं दाबून धरा, इंजिनाच्या बॅटरीत थोडा चार्ज भरला की मग सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. लिथियम असेल तर तिचं संरक्षण सर्किट सेल्फचा करंट तोडू शकतं, म्हणून ती एकदम किती अँपिअर देऊ शकते तो आकडा आधी पाहा.

शेवटी इंजिन बंद, बटण सोडलेलं, आणि राहत्या भागातले दिवे-पंखे अर्धा तास चालू. इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टही सोबत उतरत असतील तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. अशी गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या सापडतील.