मॉड्यूल काढताना गोठणारा बोर्ड

एआरएम बोर्डावरच्या एडीसीचा (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग) जुना लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे सांभाळायला आला. चालायचा नीट, पण आरएममॉड केलं, म्हणजे ड्रायव्हरचं मॉड्यूल चालू कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) काढलं, की अधूनमधून अख्खा बोर्ड गोठायचा. लॉगमध्ये काही नाही.

गोम गोष्टी सोडण्याच्या क्रमात होती. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) 'डेव्हएम' पद्धतीने मागितला होता, क्लॉक (एडीसीला चालवणारा ठोका) मात्र मॉड्यूल काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये हाताने बंद होत होतं. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी कर्नल स्वतःच उलट क्रमाने सोडतो, पण रिमूव्ह संपल्यावर. म्हणजे क्लॉक बंद, तरी इंटरप्ट जिवंतच! तेवढ्यात इंटरप्ट आला, की त्याला उत्तर देणारं फंक्शन (हँडलर) एडीसीचं रजिस्टर वाचायला जातं, आणि क्लॉक नसल्याने प्रोसेसर-एडीसीमधली डेटा-वाट (बस) तिथेच अडकते. असं अर्धवट डेव्हएम मला पूर्ण हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा धोक्याचं वाटतं.

क्लॉक चालू केल्याबरोबर, इंटरप्ट मागण्याआधी, ते बंद करणारं छोटं फंक्शन 'डेव्हएम-ॲड-ॲक्शन-ऑर-रिसेट'ने नोंदवलं. आता आधी इंटरप्ट सुटतो, मग क्लॉक. बाकीचंही डेव्हएमवर नेल्यावर रिमूव्ह फंक्शन उरलंच नाही, प्रोबमधली (ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमधली) चूक झाल्यावर आवराआवर करणारी 'गोटू' उड्यांची साखळीही गेली.

चेकपॅचने (कर्नल कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) दाखवलेल्या टॅब-स्पेसच्या दुरुस्त्या मुद्दाम वेगळ्या पॅचमध्ये (बदलांच्या गठ्ठ्यात) ठेवल्या, आणि कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारली ते सांगणारा 'फिक्सेस' टॅग फक्त क्रमाच्या पॅचला लावला. तेवढाच स्टेबल कर्नलमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये, जायला हवा.