ब्राउझरमध्ये कोडिंग करताय? आधी या चुका टाळा

जुळे सोलापुरात मी मुलांना पायथन शिकवतो. मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली, वायफायही गेलं. बऱ्याच वेळाने एका मुलीने मोबाईलच्या हॉटस्पॉटवर गुगल कोलॅब, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गुगलची साईट, पुन्हा उघडलं आणि तिचा चेहराच पडला. "सर, बिलांची फाईलच दिसंना झालीय!" मामांच्या चादरींच्या दुकानाची बिलं तिने सकाळपासून बसून भरली होती. कोड होता तसा होता, बिलं गेली होती.

ही चूक सगळ्यात जास्त होते. कोलॅबची नोटबुक, म्हणजे कोड लिहिलेलं पान, गुगल ड्राइव्हवर राहते, पण प्रोग्रॅमने तयार केलेली फाईल गुगलच्या तात्पुरत्या मशीनवर पडते. आपण बराच वेळ नसलो की ते मशीन काढून घेतलं जातं आणि फाईलही जाते. म्हणून कामाला बसल्याबसल्या डावीकडच्या फाईल्समधून ड्राइव्ह जोडायचा आणि सेव्ह करताना पत्ता ड्राइव्हमधल्या फोल्डरचाच द्यायचा. पुन्हा जोडल्यावर 'नेम एरर' आला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. व्हेरिएबल्स पुसली गेलेली असतात, सगळे सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वरपासून परत चालवा.

दुसरी चूक म्हणजे कोड चालतो कुठे, हे न बघताच साईट निवडणं. स्टॅकब्लिट्झ या साईटच्या वेबकंटेनरमध्ये नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, तुमच्याच ब्राउझरच्या टॅबमध्ये चालतं, त्यामुळे कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ते अडकलं तर नेटला दोष देऊन उपयोग नाही. व्हीएस कोडची वेब आवृत्ती नुसती एडिटर आहे, तिथे टर्मिनल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी, शोधण्यात मुलांचा अख्खा तास जातो. एचटीएमएल-सीएसएस शिकायला कोडपेन पुरतं, मात्र फुकट खात्यावरचं काम सगळ्यांना दिसतं. गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर तिथे अजिबात टाकू नका.

मोठ्या प्रोजेक्टला मी गिटहब कोडस्पेसेस सुचवतो, तिथे कोड गिटहबच्या दूरच्या मशीनवर चालतो. वैयक्तिक फुकट खात्यावर महिन्याला १२० कोर-तास मिळतात (प्रोसेसरचा एक कोर एक तास वापरला की एक कोर-तास), म्हणजे दोन कोरच्या मशीनवर ६० तासच. टॅब बंद केला म्हणून मशीन लगेच थांबत नाही. सेटिंग बदललं नसेल तर ते ३० मिनिटांनी थांबतं, तोवर तास खर्च होत राहतात. काम संपलं की स्वतः 'स्टॉप' करा. त्याआधी कोड पुश करा, म्हणजे गिटहबवर चढवा, कारण ३० दिवस न उघडलेली कोडस्पेस आपोआप डिलीट होते.

आणि साईट कायम राहील असं धरून चालू नका. अशाच साईटपैकी ग्लिचने जुलै २०२५ मध्ये प्रोजेक्ट होस्टिंग बंद केलं, ॲमेझॉनच्या क्लाउड९ ने त्याच्या वर्षभर आधीच नवे ग्राहक घेणं थांबवलं.

साईट नक्की करण्याआधी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा, त्यातून एक फाईल बनवा, टॅब बंद करा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. त्या मुलीने बिलं पुन्हा भरली, पण भरण्याआधी तिने पाच बिलांवर हीच परीक्षा घेतली.