वनहक्काचा दावा कसा दाखल करावा: खानापूरच्या जंगलातील गावांसाठी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगडच्या परिसरात गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, तळेवाडी, कृष्णापूर अशी मराठी बोलणारी लहान गावे सदाहरित जंगलात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तेथील वाट बंद होते, आजाऱ्याला डोलीतून खांद्यावर न्यावे लागते आणि मुलांची शाळा बुडते. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून पक्का रस्ता, पूल किंवा विजेची तार यांपैकी काहीही मागितले तरी वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न पुढे येतो. अशा गावांचे पुढे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. गावातच राहायचे असो, सोयी मागायच्या असोत किंवा भरपाई घेऊन बाहेर पडायचे असो, आधी वनहक्काची, म्हणजे ताब्यातील वनजमिनीवरील आणि जंगलाच्या वापरावरील हक्काची, नोंद करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कारण कागद हातात नसलेल्या कुटुंबाला तिन्ही वाटांवर दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.

ही नोंद अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी कायदा, २००६ अन्वये होते आणि तो कायदा अभयारण्यातही लागू आहे. दावेदार अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तेथे राहत असल्याचे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील सिद्दी समाजाचा अनुसूचित जमातींमध्ये २०२० साली समावेश झाला, त्यामुळे त्यांना हा मार्ग खुला आहे. आपल्याकडील मराठा आणि गवळी-धनगर कुटुंबे मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या गटात मोडतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही अट ऐकूनच अनेकजण दावा सोडून देतात. वास्तविक ७५ वर्षांचा पुरावा त्या परिसरातील वास्तव्याचा आणि जंगलावरील अवलंबनाचा द्यायचा असतो. विशिष्ट शेताचा तुकडा ७५ वर्षे कसल्याचा नव्हे. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला म्हणजे पुरते.

कामाची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ही सभा पंचायतीच्या मुख्य गावात सर्व वाड्यांची एकत्र न घेता आपल्या गावाची स्वतंत्र घ्यावी, आणि तसे लेखी पत्र पंचायत विकास अधिकाऱ्याला देऊन त्याची पोच घ्यावी. सभेला गावातील निम्मे प्रौढ हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. कामासाठी गोवा, पुणे, बेळगावला गेलेली माणसे गणेशोत्सवात किंवा शिमग्याला गावी येतात. सभेची तारीख त्या सुमारास धरली तर गणसंख्येची अडचण येत नाही. याच सभेत १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडावी, तिच्यात एक तृतीयांश महिला घ्याव्यात आणि इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. कचेरीत कन्नड प्रत लागते, म्हणून इतिवृत्त कन्नडमध्ये लिहून घेतले तरी त्याच्यासोबत मराठी प्रत ठेवावी आणि सही करण्यापूर्वी ती सभेत मोठ्याने वाचून दाखवावी. आपण कशावर सही केली हे वृद्ध स्त्री-पुरुषांना कळलेच पाहिजे.

पुराव्यांच्या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा. नियमांनुसार किमान दोन पुरावे लागतात आणि अमुकच कागद आणा, असा हट्ट अधिकाऱ्यांना धरता येत नाही. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड आणि घरपट्टीच्या पावत्या अलीकडच्या काळासाठी उपयोगी पडतात. १९३० च्या सुमाराची स्थिती दाखवायची असेल तर बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, हे ध्यानात ठेवावे; त्या काळचे जन्म-मृत्यूचे उतारे, गुरे चारण्याच्या पावत्या, वाटणीपत्रे घरातील जुन्या ट्रंकेत सापडू शकतात आणि त्यांतील काही मोडीत असतात. मोडी वाचता येत नाही म्हणून असा कागद बाजूला टाकू नये, जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. सरकारी गॅझेटियर आणि जनगणनेच्या नोंदीही पुरावा म्हणून चालतात. बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ साली छापले गेले आहे.

कागद मिळाला नाही तरी जमीन स्वतः साक्ष देते आणि कायदा ती साक्ष मानतो. घराचे जुने जोते, दगडी बांध, विहीर, स्मशानभूमी, देवस्थान यांची छायाचित्रे काढावीत आणि नकाशात त्यांच्या जागा दाखवाव्यात. दावेदार नसलेल्या एखाद्या वृद्धाचा लेखी जबाबही ग्राह्य असतो, पण तो नीट घ्यावा लागतो. ‘हे कुटुंब पूर्वीपासून येथे राहते’ एवढ्या वाक्याने काही साधत नाही. विहीर कोणी खणली, तेव्हा सांगणाऱ्याचे वय काय होते, भाताचा कोणता खाचर कोणाच्या आजोबांनी काढला, बाजाराला कोणत्या वाटेने जात, कोणत्या साली मोठी साथ किंवा पूर आला, असे एकेक विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. ही माणसे झपाट्याने कमी होत आहेत, त्यामुळे बाकीची कामे थांबली तरी चालतील, पण जबाब या उन्हाळ्यातच घेऊन ठेवावेत.

वैयक्तिक दाव्यासाठी नमुना ‘अ’ भरावा. प्रत्यक्ष ताब्यातीलच क्षेत्र मागता येते आणि त्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. पती-पत्नी दोघांची नावे लिहावीत, कारण हक्कपत्र दोघांच्या नावे निघते; ते वारसाला मिळते, परंतु जमीन विकता येत नाही. कोकम, शिकेकाई, मध, बांबू गोळा करण्याचा आणि गुरे चारण्याचा सामूहिक हक्क नमुना ‘ब’ मध्ये मागावा, आणि गावाच्या पारंपरिक सीमेतील जंगल राखण्याचा हक्क नमुना ‘क’ मध्ये. इमारती लाकूड यात येत नाही. माझ्या मते ‘ब’ आणि ‘क’ हे दावे वैयक्तिक दाव्यांपेक्षाही महत्त्वाचे आहेत, कारण भूमिहीन घराला आणि गवळीवाड्याला त्यांतूनच आधार मिळतो. वनहक्क समिती दाव्याच्या जागेची पाहणी करते; त्या दिवसाची सूचना वन आणि महसूल खात्यांना लेखी द्यावी. त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून सही करावी, असा नियम आहे.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे, तेथेही न्याय न मिळाल्यास पुढील ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जावे. नकार तोंडी ऐकून परत येऊ नये.

सोयींसाठी याच कायद्याचे कलम ३(२) उपयोगी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, वीज, रस्ता अशा १३ कामांसाठी प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडायची नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचाही विचार होतो, म्हणून मागणी लहान आणि नेमकी ठेवावी: कोणत्या नाल्यावर साकव हवा, त्याची लांबी किती, पावसाळ्यात कोणती घरे तुटतात, हे ठरावातच लिहावे.

गाव सोडण्याचा विचार असेल, तर तोही कमीपणाचा मानू नये. २०२५ साली तळेवाडीच्या कुटुंबांना स्वेच्छा स्थलांतरासाठी प्रत्येकी १५ लाखांच्या पॅकेजचा पहिला हप्ता मिळाला. वनहक्कांची पडताळणी पूर्ण होण्याआधी कोणालाही उठवता येत नाही. वन्यजीवांसाठी गाव हलवायचे असल्यास ग्रामसभेची स्वेच्छेची आणि पूर्ण माहितीवर आधारलेली लेखी संमती लागते, तसेच नव्या ठिकाणच्या सोयी आधी पूर्ण व्हाव्या लागतात. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी उरलेला हप्ता केव्हा मिळणार, वेगळे राहणारे सज्ञान मुलगे आणि विधवा स्वतंत्र कुटुंब धरले जाणार का, आणि मागे राहणाऱ्या शेताचे व देवस्थानाचे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह मागून घ्यावीत आणि ती वनहक्काच्या दाव्याच्या फाईलमध्येच लावावीत.