जुन्या घरातलं जेवणाचं दालन दुरुस्त करताय? या चुका टाळा

गोव्यात सासष्टीतल्या एखाद्या मोठ्या घरातून फोन येतो, "जेवणाचं दालन रंगवून घ्यायचंय, दोन आठवड्यांत होईल ना?" आणि माझ्या पोटात गोळा येतो. मी मूळचा सावंतवाडीचा. गेली बावीस वर्षं गोव्यातल्या जुन्या घरांच्या भिंती, छतं आणि खिडक्यांचं काम करतोय. चुका बदलत नाहीत, फक्त घरं बदलतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

ही दालनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. लांबलचक शिसवी मेज, वेताने विणलेल्या खुर्च्या, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांची कपाटं, शिंपल्यांच्या खिडक्या, वर झुंबर. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझा घर किंवा केप्यात 1787 साली बांधलेला डीनचा, म्हणजे चर्चमधल्या एका अधिकाऱ्याचा, वाडा बघायला गेलेली माणसं झुंबराचे आणि मेजाचे फोटो काढतात. भिंतीकडे कुणी बघत नाही. पण अशा कित्येक घरांत भिंतीवर स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या कागदी साच्यातून रंग लावून, काढलेले नक्षीचे पट्टे असतात. वेली, फुलांच्या माळा, फळं. दालनाचा सगळा तोल त्या पट्ट्यांवर असतो, आणि दुरुस्तीत पहिला बळी त्यांचाच जातो.

सगळ्यात मोठी चूक: भिंत खरवडून काढणं

नवा रंग नीट बसावा म्हणून रंगारी जुना रंग खरवडतो. आजच्या फ्लॅटमध्ये ते बरोबरच आहे. शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या चुन्याच्या भिंतीवर मात्र तो गुन्हा आहे, आणि हा शब्द मी विचार करून वापरतोय.

काही वर्षांपूर्वी एका घरात डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न होतं. चाळीस फुटांचं दालन. ठेकेदाराने चार माणसं आणि दोन ग्राइंडर लावले. मला बोलावलं होतं छताची एक सडलेली फळी बघायला. दारातून आत पाऊल टाकलं आणि फरशीवरच्या धुळीकडे लक्ष गेलं. भिंतीवरचा रंग मळकट पिवळा, आणि खाली पडलेली पूड निळसर! चिमूटभर उचलून बोटांत चोळली. नीळ होती, त्यात हिरवट कण. म्हणजे वरच्या सहा-सात थरांखाली काहीतरी होतं आणि ते दोन दिवस ग्राइंडरखाली जात होतं. मी ओरडलोच, "बंद करा ते!" तोवर दोन भिंती कोऱ्या झाल्या होत्या.

मग भांड्यांचं मोठं कपाट सहा जणांनी पुढे ओढलं. ते बहुधा कधीच हललं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक रंगाऱ्याने त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता. त्याच्यामागे अडीच फुटांचा तुकडा जसाच्या तसा होता. द्राक्षांची वेल, निळे घोस, हिरवी पानं, खाली गेरूची बारीक रेघ. स्टेन्सिलचा कागद जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे पानांच्या मधे राहतात त्या बारीक फटीही स्पष्ट. एका ठिकाणी साचा घसरला होता आणि कारागिराने तेवढं पान हाताने, बारीक कुंचल्याने पुरं केलं होतं. त्या पानाची शीर किंचित वाकडी आहे. मला अख्ख्या दालनात तीच जागा सगळ्यात प्रिय आहे.

घरातल्या नव्वदीच्या बाईंना खुर्चीसकट तिथे आणलं. त्या म्हणाल्या, लहानपणी मोठ्यांचं जेवण संपता संपत नसे, तेव्हा आपण या घोसांतली द्राक्षं मोजत बसायचो. पुढे कधीतरी भिंत पांढरी झाली आणि वेल विसरली गेली.

उरलेल्या दोन भिंती आम्ही हाताने उघडल्या. त्याला अकरा आठवडे लागले. लग्न अर्ध्या उघड्या भिंतींच्या दालनात झालं आणि त्याने कुणाचंही काही बिघडलं नाही. खरवडलेल्या दोन भिंतींवर घरच्यांना वेल पुन्हा हवी होती. मी नाही म्हटलं. तिथे साधा चुन्याचा हात दिला आणि पट्ट्याच्या उंचीवर गेरूची एकच रेघ ओढली. नवी वेल काढली असती तर दहा वर्षांनी जुनी कुठली आणि नवी कुठली ते कुणालाच कळलं नसतं. याबाबत माझ्याशी सहमत नसलेले चांगले कारागीर आहेत. मी मात्र माझ्या मतावर ठाम आहे.

माझी सवय सांगतो. भिंतीला हात लावण्याआधी एक रात्र त्या दालनात काढायची. सगळे दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायचा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जातो. स्टेन्सिलच्या रंगाला जाडी असते. वर रंगाचे सात हात बसले तरी त्याची कड बारीक उंचवट्यासारखी उठून दिसते. दिवसा कोरी वाटणारी भिंत अशा उजेडात पानंफुलं दाखवायला लागते.

उंचवटा दिसला की कपाटामागे किंवा दाराआड, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, सर्जरीच्या पात्याने एकेक थर सेंटिमीटरभर उघडायचा. पायऱ्यांसारखे थर दिसतात, कुठला रंग आधीचा आणि कुठला नंतरचा ते कळतं. मग ओलसर कापसाचा बोळा हलकेच टेकवून बघायचा. रंग कापसावर आला तर तो सरसात कालवलेला आहे. तिथे पाणी अजिबात चालत नाही, सगळं काम कोरडं करायचं. कापूस स्वच्छ राहिला तर रंग बहुधा चुन्यात मुरलेला आहे आणि थोडी मोकळीक मिळते. या बोळ्याला दोन मिनिटं लागतात. तेवढीही ज्यांना जड वाटतात त्यांनी ही कामं घेऊ नयेत.

दुसरी मोठी चूक: चुन्याच्या भिंतीवर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट

ही घरं चिऱ्याची, म्हणजे लाल जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र, त्यावरचा चुन्याचा गिलावाही सच्छिद्र. गोव्यात पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातलं पाणी पायातून भिंतीत चढतं आणि चुन्यातून वाफ होऊन बाहेर जातं. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यात जमतात, लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. लोकांना वाटतं चुना कच्चा. चुना कच्चा नसतो, भिंतीचं दुखणं तो स्वतःवर घेत असतो. दर काही वर्षांनी खालचा हात-दीड हात गिलावा नवा करायचा, हा जुना रिवाज होता.

आता ही कटकट नको म्हणून खाली तीन फूट सिमेंट मारतात. सिमेंटमधून वाफ फारशी जात नाही. मग पाणी काय करतं? वाट सापडेपर्यंत वर चढतं. एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सिमेंटच्या पट्टीला दोन पावसाळे ओरखडाही आला नाही आणि तिच्या वर, बरोबर फुलांच्या माळेत, लोणा फुटला. फुलांमागे मिठाचे बारीक स्फटिक वाढतात आणि रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात. बोट लावलं की पाकळी पिठासारखी हातात येते. घरमालक मला म्हणाले, "खालची भिंत बघा कशी ठणठणीत आहे." तीच ठणठणीत भिंत माळ खात होती.

प्लास्टिक पेंट हेच काम अख्ख्या भिंतीवर करतो. तो फुगा धरतो, आणि सोलून निघतो तेव्हा मागची नक्षी पाठीला चिकटवून घेऊन जातो.

त्या सिमेंट मारलेल्या घरात आम्ही आधी बाहेरचं काम घेतलं. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन अर्धा फूट वर आली होती आणि पाण्याचा उतार भिंतीकडे झाला होता. भिंतीलगतची लादी काढली, चर खणला, पन्हळ दुरुस्त केली, चार कौलं बदलली. आत तोवर कशालाही हात लावला नाही. मग हिवाळ्यात छोट्या छिन्नीने सिमेंट उतरवलं. ग्राइंडर नाही, कारण त्याच्या हादऱ्याने वरचा गिलावा सुटतो. सुटू पाहणाऱ्या फुलांवर आधी पातळ जपानी कागद लावून घेतला होता. उघड्या चिऱ्यावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा थापायचा, वाळला की क्षारासकट काढायचा, पुन्हा थापायचा. असं चार वेळा. भिंत एक पूर्ण पावसाळा तशीच ठेवली आणि मग एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा केला. चुना कमीत कमी तीन महिने पाण्यात मुरलेला घेतो. पिशवीतला चुना सकाळी भिजवून दुपारी लावणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पाऊस बघितल्याशिवाय मी कामाचा दर देत नाही. लोक चिडतात. पण जुलैमध्ये मुसळधार सुरू असताना दालनात तासभर उभं राहिलं की पाणी कुठून येतंय ते दिसतं. मार्चमध्ये फक्त डाग दिसतात.

घरमालकांची घाईही मी समजू शकतो. 1964 चा कूळ कायदा आणि पुढची 1976 ची दुरुस्ती यांनंतर जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, ते योग्यच होतं. पण या घरांची देखभाल ज्या उत्पन्नावर चालायची ते आटलं. मुलं मुंबईला, लिस्बनला, लंडनला. एखाद्या डिसेंबरात सगळे जमतात, थोडे पैसे गोळा होतात, आणि जानेवारीच्या तिकिटाआधी सगळं संपवायचं असतं. अशा वेळी मी सांगतो, त्या पैशांत फक्त छप्पर करा. भिंत थांबेल, गळती थांबणार नाही.

गिलावा पोकळ वाजतोय म्हणून पाडू नका. बोटाच्या पेराने ठोकत जा. "बद्द" आवाज येतो त्या जागा कागदावरच्या नकाशात भरा, भिंतीवर खडूने नको. मागे मोकळी जागा असेल तर चाळलेला चुना आणि बारीक सुरखी, म्हणजे विटांची पूड, पातळ कालवून सुईने आत सोडता येते आणि गिलावा पुन्हा भिंतीला धरतो. पाडलेला गिलावा कुणालाच परत आणता येत नाही.

रंग भरताना दुकानातली ट्यूब घेऊ नका. त्यातले बरेच रंग चुन्यात टिकत नाहीत. गेरू, पेवडी (पिवळी माती), काजळी, नीळ यांत बहुतेक सगळं भागतं. भरायचं ते फक्त गेलेल्या जागेत, बारीक उभ्या रेघांनी. दोन मीटरवरून नक्षी सलग दिसते, जवळ गेलं की नवं काम ओळखू येतं. जुन्या पानावर कुंचला चढवायचा नाही, ते कितीही फिकं असो.

जेवणाच्या दालनाची एक खास अडचण म्हणजे काजळी. मेणबत्त्या, रॉकेलचे दिवे, तळणाची वाफ. ती साबणाने पुसायला गेलात तर चिकट होऊन नक्षीत मुरते. जुन्या आचाऱ्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे पावाचा मऊ गाभा भिंतीवर फिरवणं. त्याने काजळी निघते हे खरं, पण चुरा खाचाखोचांत राहतो आणि आपल्या दमट हवेत त्यावर मुंग्या, कसर, बुरशी सगळं येतं. मी मऊ ब्रश आणि काजळीसाठी मिळणारा कोरडा रबरी स्पंज वापरतो, बस.

शिंपल्यांच्या खिडक्यांना ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीही लावू नका. शिंपला चुनखडीचाच असतो, आम्लात विरघळतो. फुटलेल्या शिंपल्याच्या जागी काचही नको. शिंपल्यातून येणारा उजेड मवाळ असतो, काचेतून थेट ऊन नक्षीवर पडतं आणि रंग उडतो. जुन्या पाडलेल्या घरांच्या खिडक्यांतले शिंपले जपून ठेवा.

फरशीलाही ॲसिड नाही. मेज-खुर्च्यांवर लाखेचं पॉलिश असतं, त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं पॉलिश, चढवू नका. लाख पुढेही दुरुस्त करता येते, पीयू उतरवताना लाकूडच तासलं जातं.

होम-स्टे सुरू करताना या दालनात एसी बसवू नका. गार भिंतीवर दमट हवा आली की पाणी सुटतं.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागे हवा खेळू द्या. कपाटामागे जुनी नक्षी सापडली असेल तर वर्षातून एकदा कपाट हलवून तिच्याकडे बघा.

आणि रंगवलेल्या छताला पंख्यासाठी भोक पाडू नका, फळी असो वा पत्रा. पंखा हवाच असेल तर उभा पंखा घ्या. झुंबराचा हूक बदलायचा झाला तर सुतार वर माळ्यावर चढून तुळईच तपासू दे. खालून कितीही मजबूत दिसलं तरी वाळवी वरच्या बाजूने खाते, आणि झुंबर टांगलेलं असतं ते छताच्या फळीवर नाही, त्या तुळईवर.