तीन दिवसांच्या सुट्टीत विणा बाळाचं टोपडं

२६ जानेवारी सोमवारी आली की सलग तीन दिवस सुट्टी मिळते. लोणावळ्याच्या वाटेवर गर्दीत अडकण्यापेक्षा घरी बसून काही विणावं असं मनात असेल, तर माझा आग्रह एकच: स्वेटर सुरू करू नका. नवशिक्याचा स्वेटर पाठ होईपर्यंत उत्साहात चालतो आणि बाहीपाशी अडतो. त्यापेक्षा बाळाचं टोपडं घ्या. एक सरळ पट्टी, एक शिवण, एक नाडी. सोमवारी संध्याकाळी ते पुरं झालेलं असतं, आणि ओळखीत कुणाचा ना कुणाचा बाळंतविडा करायचा असतोच.

सामान शुक्रवारी ऑफिसमधून येतानाच घ्या. ठाणे स्टेशनातून बाहेर पडून जांभळी नाक्याच्या बाजारात शिलाई-भरतकामाचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. सुया ८ नंबरच्या मागा. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. सोबत मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि क्रोशाची एक सुई घ्या.

धाग्याचं जरा नीट बघा. ‘लोकर’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर जळलेल्या केसासारखी वास मारते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, जिथे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो, बाळाच्या डोक्याला मला सुती धागाच बरा वाटतो. तो ताणला जात नाही म्हणून हाताला थोडा जड जातो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत सवय होते. मध्यम जाडीची ५० ग्रॅमची एक गुंडी पुरते. रंग फिकाच घ्या, गडद रंगात टाके दिसत नाहीत.

शनिवारी सकाळी खिडकीजवळ बसा. सुरुवातीला साधारण ६० सेंटिमीटर धागा मोकळा सोडून सरकगाठ मारा आणि अंगठ्यावर फास घेत ३० टाके घाला. टाके घट्ट पडत असतील तर दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर घाला, मग एक काढून घ्या. आता सुलट टाका: उजवी सुई डावीवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला, मागच्या धाग्याचा एक वेढा तिच्यावर घ्या, तो वेढा टाक्यातून पुढे ओढा आणि जुना टाका डावीवरून सोडून द्या. ओळ संपली की सुया अदलाबदल करायच्या. उलट टाक्याची गरजच नाही. प्रत्येक ओळ सुलट विणली की दोन्ही बाजूंनी सारखी, मऊ, आडव्या रेघांची वीण येते.

नवशिक्यांची एक चूक इतक्यांदा पाहिली आहे की ती सविस्तर सांगते. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला जातो. मग पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात, ते दोन टाके वाटतात आणि दोन्ही विणले जातात. ३० चे ३१ होतात, ३२ होतात, आणि पट्टी पंख्यासारखी पसरते. म्हणून पहिल्या टाक्याआधी धागा खाली ओढा आणि सुईच्या खालून मागे न्या. दर चार ओळींनी टाके मोजा. एखादा सुटलाच तर घाबरून सगळं उसवू नका; क्रोशाच्या सुईने तो ओळीओळीने वर आणता येतो. आणि ओळ अर्धी ठेवून उठू नका, परत आल्यावर दिशा चुकते.

रविवार फक्त विणण्याचा. पट्टी ३० सेंटिमीटर लांब हवी, म्हणजे अंदाजे १२० ओळी. सकाळी तलावपाळीला बाकावर बसून वीस-पंचवीस ओळी सहज होतात. हे माप नवजात बाळाचं; तीन महिन्यांच्या पुढे ३४ सेंटिमीटर करा. लांबी भरली की टाके बंद करा: दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उलटवून टाकायचा, पुढचा विणायचा.

सोमवारी पट्टी मधोमध अशी दुमडा, की तिच्या दोन्ही आखूड कडा एकमेकींवर येतील. घडी डोक्यावर येते. एक लांब कड चेहऱ्याभोवती मोकळी ठेवा, दुसरी लांब कड बोथट सुईने टाक्याला टाका जुळवत शिवा. शिवण फार ओढू नका, नाहीतर डोक्याला गाठ टोचते. खालची कड मानेची. क्रोशाने ६० सेंटिमीटरची साखळी विणा, ती नाडी मानेच्या कडेतून ओवा आणि मधोमध दोन टाके घालून पक्की करा, म्हणजे बाळ ओढून बाहेर काढणार नाही. त्याच कारणाने बटणं, मणी काही लावू नका. झोपवताना टोपडं काढूनच ठेवायचं, हेही देताना आईला सांगा.

कोमट पाण्यात धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट वाळत घाला. दोरीवर टाकलं तर ओल्या सुताच्या वजनाने लांबतं. गुंडीत उरलेल्या धाग्याचा एक गोंडा करून मागच्या टोकाला घट्ट शिवता येईल.