मागचा भोवरा विरळ झालाय? कटिंग कशी सांगावी आणि केस कसे बसवावेत

पुढचे केस मागे सरकायला लागले की रोज सकाळी आरशात दिसतं. मागचं मात्र आपल्याला सगळ्यात उशिरा कळतं. तोवर ते न्हाव्याला, बायकोला आणि ऑफिसात मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याला केव्हाच माहीत झालेलं असतं. मग एखाद्या लग्नाचा व्हिडिओ येतो. हल्ली लग्नात ड्रोन उडवतात, त्याने भल्याभल्यांची मागची बाजू उघडी पाडली आहे.

अशा वेळी पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे केस वाढवायचे आणि विरळ जागेवर ओढून घ्यायचे. नेमकं तेच करायचं नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यात भरतो तो दाट आणि विरळ केसांमधला फरक. बाजूचे केस जेवढे दाट आणि लांब, तेवढी मागची चकती उठून दिसते. शिवाय लांब केस स्वतःच्या वजनाने खाली पडतात, दोन बाजूंना फाकतात आणि मधली कातडी उघडी करतात. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी नीट बघून घ्या

केस धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल-जेल काही नको. ट्यूबलाइटखाली उभं राहून घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर मागून आणि वरून असे दोन फोटो काढायला सांगा. ओल्या किंवा तेलकट केसांचे फोटो काढून घाबरू नका. ओले केस एकमेकांना चिकटून बटा होतात आणि दाट केसांच्या माणसाचीही कातडी दिसते. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो काढा म्हणजे खरोखर वाढतंय का ते कळेल.

भोवऱ्याच्या मधोमध थोडी कातडी सगळ्यांचीच दिसते. केस तिथून चक्राकार बाहेर जातात, त्यामुळे मध्यबिंदू मोकळाच राहतो. बघायचं ते भोवऱ्याच्या आजूबाजूला. तिथले केस बाजूच्या केसांपेक्षा बारीक, मऊ, लवीसारखे झाले असतील तर ते पुरुषांमध्ये आढळणारं आनुवंशिक टक्कल असण्याची शक्यता जास्त. डीएचटी या संप्रेरकाच्या परिणामाने केसांची मुळं हळूहळू आकसतात आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो. बाजूच्या आणि मानेवरच्या केसांवर हा परिणाम सहसा होत नाही, म्हणून टकलाभोवती झालर उरते. डॉक्टर याच्या पायऱ्या मोजायला हॅमिल्टन-नॉरवुड मोजपट्टी वापरतात. 1951 साली हॅमिल्टन यांनी ती मांडली, 1975 साली नॉरवुड यांनी सुधारली. तिच्यात एकूण सात पायऱ्या आहेत आणि तिसऱ्या पायरीचा एक पोटप्रकार खास माथ्यावरच्या विरळपणासाठी ठेवला आहे.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखा. अचानक गुळगुळीत गोल चकती पडली असेल तर ती चाई असू शकते, आणि डेंग्यू किंवा टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळत असतील तर तो तात्पुरता प्रकार असतो. दोन्ही ठिकाणी आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग सलून. खाज, कोंड्याचे जाड पापुद्रे, लाली असेल तरीही तेच.

कोणता कट घ्यावा

भोवरा नुकताच फाकायला लागला असेल, पण पुढचे केस भरपूर असतील, तर बाजू बारीक आणि वर मध्यम ठेवा. वर पुढच्या बाजूला 4 ते 5 सेंटिमीटर चालतील, भोवऱ्यापाशी 2 ते 3 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. एवढ्या लांबीचा केस स्वतःच्या पायावर उभा राहतो, आडवा पडत नाही. पुढे थोडी झिपरी, विस्कटलेली ठेवण असलेला क्रॉप कट इथे चांगला दिसतो. भांग पाडायची सवय असेल तर पाडा, पण ती रेघ भोवऱ्यापर्यंत नेऊ नका, दोन बोटं अलीकडेच थांबवा. रेघ भोवऱ्याला जाऊन मिळाली की सरळ बाण दाखवल्यासारखं होतं.

चकती वाटीच्या तळाएवढी झाली असेल तर वरचे केसही उतरवायला हवेत. क्रू कट, म्हणजे पुढे दीड-दोन सेंटिमीटर, मागे जाता जाता कमी, आणि बाजूला एक किंवा दोन नंबर मशीन. बरेच जण इथे कचरतात, कारण आतापर्यंत जे थोडं झाकलं जात होतं ते पहिल्यांदाच उघडं पडणार असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. 1998 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 26 वर्षांच्या झिनेदिन झिदानने ब्राझीलवर डोक्याने दोन गोल मारले. माथा तेव्हाच विरळ झालेला होता, पण सगळेच केस इतके बारीक होते की कुणी त्याकडे बघत बसलं नाही.

पुढचा आणि मागचा विरळ भाग एकमेकांना भेटायच्या बेतात असेल तर सरसकट मशीन. इथे चांगला कारागीर एक युक्ती करतो. तो सगळीकडे एकच नंबर फिरवत नाही. दाट भागावर, म्हणजे बाजूला आणि मानेवर, एक नंबर. विरळ भागावर दोन. मधली पायरी दिसू नये म्हणून सीमेवर दीड नंबरने मिसळून घेतो. दाट जागा छाटल्याने विरळ जागा तिच्या जवळपास येते. सोबत नीट आखलेली दाढी ठेवली तर चेहऱ्याचा तोल खाली येतो. पूर्ण तुळतुळीत करायचं असेल तर आधी महिनाभर असं बारीक ठेवून बघा, डोक्याचा आकार कळतो आणि घरच्यांचीही सवय होते.

कानापासून एक बट लांब वाढवून आडवी माथ्यावर चिकटवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? 1977 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या बापलेकांनी तीन बाजूंनी केस आणून टक्कल झाकायच्या पद्धतीचं रीतसर पेटंट घेतलं होतं. 2004 साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. वाऱ्यावर उपाय त्यांनाही सापडला नसावा.

सलूनमध्ये काय सांगायचं

रविवारी सकाळी जाऊ नका. बाकावर सहा जण बसलेले असताना कारागिराला तुमच्या भोवऱ्याकडे बघायला वेळ नसतो. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, केस धुतलेले आणि कोरडे असू द्या. त्याने पाण्याचा फवारा उचलायच्या आत कोरड्या केसांवर मागची जागा दाखवा. एकदा केस ओले झाले की कुठे किती दाट आहे याचा अंदाज त्यालाही येत नाही.

“मिडियम करा” किंवा “नेहमीसारखं” एवढ्यावर सोडू नका. साधारण असं सांगा: “दादा, साइडला दोन नंबर मारा, खाली कानापाशी एकने मिसळा. वर मशीन नको, कात्रीने करा. मागे भोवऱ्यावर दातेरी कात्री लावू नका, टोकं फक्त उभ्या कात्रीने तोडा.” दातेरी म्हणजे थिनिंगची कात्री. दाट केस हलके करायला ती उत्तम, पण जिथे मुळात केस कमी आहेत तिथे ती कशाला? उभ्या कात्रीने टोकं वरखाली केली की केस एकमेकांत अडकून उभे राहतात आणि भरल्यासारखे दिसतात.

मशीनचे नंबर माहीत असलेले बरे. एक नंबर म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे 10, चार म्हणजे 13. घरच्या ट्रिमरवरचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून सलूनमध्ये नंबर सांगा आणि घरी मिलिमीटर बघा.

झाल्यावर मागे आरसा धरतात तेव्हा आपण बहुतेक वेळा मान डोलवून मोकळे होतो. या वेळी आरसा थोडा वर धरायला सांगा. मानेची रेघ बघून उपयोग नाही, भोवरा दिसला पाहिजे. “साहेब, मागे जरा पातळ झालेत, एक स्पेशल तेलाचा मसाज मारू का?” हा प्रश्न येणारच. मसाज झोप यावी म्हणून जरूर घ्या. केस उगवतील या आशेने पैसे देऊ नका.

सकाळची पाच मिनिटं

खोबरेल लावायचंच तर रात्री लावा आणि सकाळी धुऊन टाका. दिवसभर तेल चापून ठेवलं की केसांच्या दोऱ्या होतात आणि कातडी चमकते. लिफ्टमधल्या डोक्यावरच्या दिव्याखाली तर विचारू नका. कंडिशनर लावत असाल तर टोकांनाच लावा, भोवऱ्यावर नको. मऊ पडलेले केस आडवे होतात.

पुसताना टॉवेलने खसाखसा चोळू नका, दाबून पाणी टिपा. केस जवळपास कोरडे झाले की ड्रायर घ्या, मध्यम गरम, डोक्यापासून वीतभर लांब. आता भोवऱ्याची दिशा बघा. बहुतेकांचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. वारा त्याच्या उलट सोडा आणि त्याच वेळी बोटांच्या पेरांनी तिथली मुळं इकडून तिकडे हलवत राहा. कंगवा वापरू नका, तो केस एका ओळीत लावतो आणि ओळींच्या मधे फटी पडतात. शेवटी काही सेकंद थंड हवा मारा म्हणजे उभे केलेले केस तसेच बसतात. ड्रायर नसेल तर पंख्याखाली हेच बोटांनी करा, वेळ थोडा जास्त लागेल.

मग हरभऱ्याच्या दाण्याएवढी मॅट क्ले किंवा मॅट वॅक्स तळव्यावर घासून पूर्ण पसरवा. चमकणारं जेल या केसांसाठी नाही. आधी पुढच्या आणि बाजूच्या केसांना लावा, हाताला जे उरेल तेवढंच भोवऱ्याच्या कडेने. थेट मधोमध बोट घातलं की गोळा तिथेच बसतो आणि केस चिकटून पुन्हा बटा होतात.

केसांच्या रंगाची केराटिनची पूड मिळते, तिला हेअर फायबर म्हणतात. स्थिर विद्युत भाराने ती केसांना चिकटते आणि केस जाड दिसतात. भोवऱ्याच्या आसपास थोडे तरी केस हवेत, तुळतुळीत जागेवर ती बसत नाही. कोरड्या केसांवर, बाकी सगळं लावून झाल्यावर, कमी कमी भुरभुरवा आणि वर हेअर स्प्रेचा हलका फवारा मारा. लग्नसमारंभाला, मुलाखतीला ठीक. रोज हेल्मेट घालणाऱ्याला किंवा जुलैत लोकलने जाणाऱ्याला मात्र ती त्रासाचीच. हेल्मेटच्या अस्तराला निम्मी लागते आणि घामाचा ओघळ काळा येतो. हेल्मेटने टक्कल पडतं ही समजूत सोडा, केस चपटे होतात इतकंच. ऑफिसात पोचल्यावर बोटांनी पुन्हा उभे करा.

रंग लावणाऱ्यांसाठी एक सूचना. काळाभोर डाय आणि गोरी कातडी यांच्यात फरक सर्वाधिक दिसतो. एक-दोन छटा फिका, तपकिरीकडे झुकणारा रंग घ्या. केस पिकले असतील आणि पिकलेले आवडत असतील तर तसेच ठेवा, विरळ जागा त्यात बरीच मिसळून जाते.

औषधांचं थोडक्यात

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबावरचं औषध. त्याने केस वाढतात हे लक्षात आल्यावर ते डोक्याला लावायच्या रूपात आलं; अमेरिकेत पुरुषांसाठी 1988 साली मान्यता मिळाली. माथ्यावरच्या विरळपणावर त्याचा उपयोग होऊ शकतो, पण परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात. सुरुवातीला काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते आणि औषध बंद केलं की मिळालेलं निघून जातं. फिनास्टराइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. लैंगिक इच्छा कमी होण्यासारखे दुष्परिणाम काहींना होतात, ते आधी विचारून घ्या. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर भोवऱ्याची जागा भरायला बरीच मुळं लागतात आणि भोवतालचे मूळचे केस पुढेही गळत राहू शकतात, म्हणून विशीतल्या मुलांनी घाई करू नये.

उघड्या माथ्याला ऊन लागतं. बारीक कट घेतलात तर मे महिन्यात टोपी किंवा सनस्क्रीन लागेलच.

पुन्हा सलूनमध्ये कधी? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि बाजूचे दाट केस वाढले की फरक पुन्हा दिसायला लागतो. मशीन कट असेल तर दोन आठवड्यांनी, कात्रीचा असेल तर तीन-चार आठवड्यांनी जा. दर वेळी पूर्ण कटिंगची गरज नाही, मधे एकदा फक्त बाजू आणि मान उतरवून घ्या. घरी ट्रिमर चालवणार असाल तर बाजू स्वतः करा, भोवऱ्यावर मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हात फिरवू द्या. आधी मोठा नंबर लावून बघा आणि लागला तर उतरवत न्या.